बुद्धगयेचं महाविहार आणि आपलं विहार
(तेलगाव येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही कारखान्यात पाळीवर राबणारी माणसं. सुट्ट्या साठवल्या, वर्गणी काढली आणि बुद्धगयेला जाऊन आलो. अजिंठा-वेरूळ आपल्याला जवळ, पण तिथं तिकीट काढायचं, लेणी बघायची अन् परत यायचं. बुद्धगयेचं महाबोधी महाविहार मात्र आजही नांदतं आहे.

सिद्धार्थ गौतमांना जिथं बोधी प्राप्त झाली, तिथं सम्राट अशोकानं इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात पहिलं विहार उभारलं. आजची विटांची इमारत पाचव्या-सहाव्या शतकातली, सुमारे ५० मीटर उंच. बोधिवृक्षाखाली सिंहली, थाई, तिबेटी असे सारे बसलेले. आमच्यातल्या बायांनी त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली, तर शेजारच्या सिंहली उपासिकांनी सूर मिळवला. त्यांची बोली आम्हाला कळेना, आमची त्यांना. पाली मात्र दोघींची एकच!

पण बांधवांनो, या महाविहाराचा कारभार पूर्णपणे बौद्धांच्या हाती नाही. १९४९ च्या कायद्यानं समितीवर चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. तो हिंदूच असावा ही अट २०१३ मध्ये निघाली. बाकी रचना तीच राहिली. अनागारिक धर्मपालांनी १८९१ पासून हा लढा दिला. १९९२ मध्ये भदन्त सुरई ससाई पुढे झाले. २०२५ मध्ये भिक्खू पुन्हा उपोषणाला बसले. संविधानाच्या मार्गानं चाललेल्या या लढ्यात आपण असलंच पाहिजे.

मात्र एक विचार मनातून जात नाही. तिथं वंदना रोज आहे, पण अधिकार पुरा नाही. इथं विहाराची किल्ली आपल्याच खिशात आहे, मग वंदना १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेपुरतीच का? आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात. त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी विहारात दिवा लागावा, वंदना व्हावी, तासभर अभ्यास व्हावा. एकेका घरानं एकेक दिवस वाटून घेतला, तर कुणालाच जड नाही.

अशोकानं बांधलं म्हणूनच ते विहार जिवंत राहिलं नाही. माणसं तिथं येत राहिली, म्हणून ते जिवंत आहे. हक्क मागणाऱ्यानं हाती असलेलं विहार आधी उघडं ठेवलं पाहिजे. किल्ली आज कुणाकडे द्यायची, हे इथंच ठरवून उठू या.

नमो बुद्धाय! जयभीम!