चिखलातलं पाऊल

आज ॲनिमेशनची पदवी घेणाऱ्या स्नातकहो,

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ, बपेरा नावाचं गाव आहे. मुलूख धानाचा. पाऊस लागला की बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. बाया ओळीनं वाकतात, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हातानं दोन-तीन रोपं चिखलात खोवायची आणि एक पाऊल मागे सरायचं. तुमच्या अभ्यासक्रमातली वॉक सायकल पुढे जाते. ही चाल मागे जाते, आणि तीही कमरेत वाकून.

चिखलातून पाय कसा निघतो, हे नीट बघण्यासारखं आहे. आधी सगळा भार दुसऱ्या पायावर जातो, धड तिकडे कलतं. मग टाच उचलू लागते, पण चिखल सोडत नाही. काही क्षण नुसता जोर दिसतो, पाय जागचा हलत नाही. पकड सुटली की पाऊल एकदम वर येतं, बोटं खाली झुकलेली. वर्गात ज्याला अँटिसिपेशन, स्लो इन, स्लो आउट म्हणतात, ते सगळं या एका पावलात आहे. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबात साध्या चालीचं एक पाऊल साधारण १२ चौकटींत बसवतात. इथे तो हिशेब मोडतो. शिवाय लुगडं वर खोचलेलं आणि ओलं. ते वाऱ्यावर हेलकावत नाही, अंगाला चिकटतं. फॉलो थ्रूचा नियम तिथे लावाल तर चित्र खोटं पडेल.

डोळ्यावर मात्र फार विश्वास ठेवू नका. धावता घोडा चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत असतो, असं चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या काढत आले. १८७८ साली छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीनं कॅमेरे लावले, तेव्हा दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना!

डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ग्रंथात मांडलेली बारा तत्त्वं तुम्हाला पाठ आहेत. ती कुठल्या शास्त्रातून उतरलेली नाहीत, बघण्यातून आली. डिस्नेच्या स्टुडिओत १९३०च्या दशकात डॉन ग्रॅहम यांचे वर्ग चालत. माणसांच्या हालचालींची फिल्म पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली जाई. ‘बॅम्बी’साठी तर खरी हरणं स्टुडिओत आणली होती. त्याच ‘बॅम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. ॲनिमेटर राम मोहन त्यांच्या हाताखाली शिकले. तिथून १९५७ साली निघालेल्या ‘द बनियन डिअर’मध्ये पुन्हा हरीणच होतं, पण जातककथेतलं, अजिंठ्याच्या शैलीतलं.

त्याच्याही कितीतरी आधी, १९१५च्या सुमारास, दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. आगकाडीला ना डोळे, ना ओठ. तिच्यात जीव आणायचा तर फक्त हालचालीतून. त्याआधी, चित्रपटासाठी भांडवल मिळावं म्हणून, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली होती. उगवणाऱ्या कोंबाचं टायमिंग त्या माणसानं धीर धरून मोजलं.

आणि आज? पडद्यावरची पात्रं नऊवारी नेसतात, चालतात मात्र कॅलिफोर्नियातल्यासारखी. संगणकात तयार चाली मिळतात, त्या चिकटवल्या जातात. फुटपाथवरच्या बुटांची चाल कोल्हापुरी वहाणेला लावली, की पाहणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

चाल हेरून उचलण्याचं तंत्र झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, दंडार या लोकनाट्याला जुनंच ठाऊक आहे. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रेत दंडार रंगते. तिच्यात बाईची सोंगं परंपरेनं पुरुषांनीच वठवली. नुसतं लुगडं नेसून भागत नाही. पदर सावरताना खांदा किती वळतो, बसताना आधी हात कुठे जातो, हे हेरावं लागतं. मग त्यातलं एक उचलून थोडं वाढवायचं. सगळंच वाढवलं तर नुसते माकडचाळे. ‘एक्झॅजरेशन’चा इतका बिनखर्चाचा वर्ग दुसरा नसेल.

येत्या रोवणीला बपेऱ्याकडे गेलात, तर बांधीत उतरण्याआधी बायांना विचारा. मजुरीच्या वेळात तुमच्यासाठी कुणी थांबणार नाही, तशी अपेक्षाही नको. फोन बाजूनं, कमरेच्या उंचीवर धरा आणि पाऊल चौकटीबाहेर जाऊ देऊ नका. पहिल्या तासाचं चित्रण बहुधा फुकट जाईल, कारण आपल्याला कुणी बघतंय हे कळलं की माणसाची चाल बदलते. दुपारपर्यंत तिथेच राहा. तोवर त्या तुम्हाला विसरलेल्या असतील, कंबर भरून आलेली असेल, आणि मागे सरणारं पाऊल सकाळपेक्षा आखूड झालेलं असेल.