पानफुटी



आज आपण एका ओळखीच्या झाडाविषयी बोलू. आपल्या धसईत पुष्कळ घरांच्या ओट्यापुढे ते दिसते. कुणी मडक्यात लावतो, कुणी फुटक्या डब्यात. त्याचे नाव पानफुटी. कुणी त्याला घायमारी म्हणतात.

पानफुटीचे पान जाड आणि रसाळ असते. कडेला खाचा असतात. पान तोडून ओल्या मातीवर टाका. थोड्याच दिवसांत खाचांतून इवली इवली रोपे फुटतात. पानातून फुटते, म्हणून पानफुटी. शाळेतली मुले हे पान वहीत दडवतात आणि रोज उघडून पाहतात, "कोंब आला का?" त्यापायी आम्ही किती मुलांना रागावलो असू!

वैशाखात विहिरी तळ गाठतात. तरी ही पानफुटी हिरवीगार. हे कसे? सन १८१३ मध्ये हाइने नावाच्या एका डॉक्टरांनी एक नवल लिहून कळविले. ते हिंदुस्थानात राहिले होते. त्यांनी हे पान चघळून पाहिले. सकाळी पान आंबट लागे, दुपारी त्याला चव नसे. त्याचे कारण पुढे समजले. हे झाड दिवसा पानाची बारीक छिद्रे मिटून घेते. त्यामुळे पाणी उडून जात नाही. रात्री छिद्रे उघडून ते हवा घेते आणि तिचे आम्ल करून साठवते. म्हणून सकाळी आंबटपणा. दिवसा उन्हात ते आम्ल वापरून झाड आपले अन्न तयार करते.

जे झाड मरत नाही, ते आपल्यालाही तारील, असे माणसाला वाटते. युरोपात अशाच जाड पानांचे एक झाड घराच्या छपरावर लावीत. त्याने घरावर वीज पडत नाही, अशी समजूत होती. आपल्याकडे गळू आले की पानफुटीचे पान शेकून बांधतात. खरचटले तर रस लावतात. मुतखड्यावर पान खातात. हिंदीत तर या झाडाला पत्थरचट्टा म्हणतात.

आता एक खरी गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांच्या कुशीत कळ येई. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या ओट्यावरची चार पानं द्या." पाने आम्हीच तोडून दिली. रोज देत गेलो. तीन आठवडे गेले. मग त्यांना थंडी वाजून ताप भरला, लघवी अडली. तेव्हा कुठे दवाखाना गाठला. खडा अडकून मूत्रपिंडात पू झाला होता. ते वाचले, पण फार हाल झाले. ती पाने देताना "आधी डॉक्टरांना दाखवा" एवढे आम्ही म्हणायला हवे होते. ते म्हटले नाही, याची खंत आहे.

लहान खडा पुष्कळदा आपोआप पडतो. पान खाल्ले आणि खडा पडला, म्हणजे तो पानानेच पडला असे नव्हे. शिवाय नावांचा घोटाळा आहे. पाषाणभेद म्हणून बाजारात जे मूळ मिळते, ते हिमालयातल्या दुसऱ्याच झाडाचे असते.

आणखी एक ध्यानात ठेवा. या झाडात हृदयावर परिणाम करणारे विष असते. फुलांत ते जास्त असते. ऑस्ट्रेलियात या जातीची झाडे खाऊन गुरे मेली आहेत. म्हणून फुललेली पानफुटी गोठ्याजवळ ठेवू नका. गरोदर बाई, लहान मूल आणि हृदयाचे औषध घेणारा माणूस यांना पान खायला देऊ नका.

मग पानफुटी उपटून टाकायची काय? मुळीच नाही. ओट्यावर राहू द्या. लहानशा गळवावर पान बांधायचे तर बांधा. पण जखम खोल असेल, तर ती स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताची सुई घ्या. कुशीत कळ आली, लघवीतून रक्त गेले, ताप आला, लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. रात्र झाली तरी थांबू नका.

पानफुटीचे पान तोडले तरी त्याला नवी रोपे फुटतात. आपल्या शरीराचे तसे नाही. बिघडलेले मूत्रपिंड पुन्हा फुटत नाही.