बावनथडीच्या दोन्ही तीरांवर

भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याच्या उत्तरेला बावनथडी, पूर्वेला वैनगंगा. या दोन नद्यांच्या बेचक्यात सिहोरा, हरदोली, चांदपूर, चुल्हाड, बपेरा ही गावे आहेत. बावनथडीच्या पलीकडच्या तीरावर मध्य प्रदेश लागतो, पण माती तीच आणि धानही तेच.

ही सरहद्द फार जुनी नाही. 1867 पर्यंत बालाघाट नावाचा जिल्हाच नव्हता. भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे भाग काढून तो उभा केला गेला. त्यानंतरही दोन्ही काठ मध्य प्रांतातच होते. खरी फारकत झाली ती 1 नोव्हेंबर 1956 रोजी. भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. लेकीबाळी मात्र पूर्वीसारख्याच या काठावरून त्या काठावर नांदायला जात राहिल्या. पोवार समाजाची पोवारी बोली आजही तुमसर, गोंदिया आणि बालाघाट या तिन्हीकडे ऐकू येते. नागपूरकर भोसल्यांच्या कटक मोहिमेत चाकरी केल्याबद्दल पोवारांना वैनगंगेच्या खोऱ्यात पडीक जमिनी मिळाल्या, अशी परंपरा सांगितली जाते.

या जमिनीचा इतिहास वाचायचा तर धानाच्या बांधीत उतरावे. चिखलणी झालेल्या बांधीत पऱ्ह्यांच्या जुड्या फेकलेल्या असतात, बाया ओळीने मागे सरकत रोवणी करतात. वरच्या बांधीचे पाणी धुऱ्यावरच्या तोंडातून खालच्या बांधीत उतरते. पाणी कोणी, कधी, किती सोडायचे, यावरूनच गावातली नाती आणि भांडणे ठरत आली. जमीन अशीच वाचत डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने 1955 साली इंग्लंडच्या भूदृश्यावर पुस्तक लिहिले. शेतांची कुंपणे, पायवाटा, ओसाड पडलेली खेडी हीच त्याची कागदपत्रे होती. आपल्याकडे धुरे, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि तलावाच्या पाळी तेवढ्याच बोलक्या आहेत.

चांदपूरचा तलाव हे त्याचे ठळक उदाहरण. डोंगरांच्या कुशीतल्या या ब्रिटिशकालीन तलावावर सिहोरा परिसराची धानशेती उभी आहे. डोंगराचे पाणी पुरेना, म्हणून सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेतून बावनथडीचे पाणी पंपांनी उचलून त्यात टाकतात. नदीच्या वरच्या अंगाला सीतेकसा येथे बावनथडी प्रकल्पाचे धरण आहे. त्याचे पाणी दोन्ही राज्ये वाटून घेतात. सरहद्दीने तोडलेल्या खोऱ्याला हिशेबापुरते का होईना, एकत्र बसावेच लागले.

चिन्नोर तांदळाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. त्याच सुवासाच्या तांदळाला बालाघाटचे भौगोलिक मानांकन वेगळे, भंडाऱ्याचे वेगळे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वाटणी अनाठायी आहे.

जमिनीच्या जोडीला लेखी कागदही आहेत. मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत गावाचा सारा गोळा करण्याची पद्धत, 1951 साली गेली. तिच्या काळातले बंदोबस्ताचे नकाशे, निस्तारहक्कांच्या आणि विहिरी-तलावांच्या नोंदी अजून अभिलेख कक्षांत आहेत आणि काही कागद घरोघरीच्या पेट्यांत. इथल्या तरुणांनी ते बाहेर काढावेत, त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, आणि गावाचा इतिहास लिहिताना बावनथडी ओलांडून पलीकडच्या म्हाताऱ्यांनाही विचारावे.