सारथ्याचे बिऱ्हाड



महाभारतात सारथ्याची दोन रूपे आढळतात. अर्जुनाच्या रथावर प्रत्यक्ष भगवान श्रीकृष्ण लगाम हाती घेऊन बसले आणि ‘पार्थसारथी’ हे त्यांचे नाव भक्तांनी मस्तकी धरले. दुसरीकडे, अधिरथाच्या घरी वाढलेल्या कर्णाला ‘सूतपुत्र’ म्हणून भर सभेत हिणविण्यात आले. रथ हाकण्याचे काम तेच. पण एकाच्या वाट्याला पूजा आली, दुसऱ्याच्या वाट्याला अवहेलना. आज वाहनचालकांच्या परवान्यांची नोंद ठेवणाऱ्या शासकीय संगणक प्रणालीचे नावही ‘सारथी’ असेच आहे. नाव गोड आहे. मात्र मुलगा ट्रक चालवितो असे कळल्यावर सोयरिकीची बोलणी कशी थंडावतात, हे कोणत्याही गावात विचारून पाहावे.

लासलगावच्या बाजारातून कांदा भरून ट्रक गुवाहाटीला निघतो. धुळे, नागपूर, रायपूर, संबळपूर, खरगपूर, मालदा, सिलिगुडी असा हा अडीच हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा मार्ग. माल नाशवंत, त्यामुळे घाई ठरलेली. माल उतरला तरी चालक घराकडे वळत नाही. रिकामा ट्रक परत आणणे मालकाला परवडत नाही. परतीचे भाडे मिळेपर्यंत ट्रान्सपोर्ट नगरात मुक्काम पडतो आणि मिळालेले भाडे महाराष्ट्राचेच असेल याची शाश्वती नसते. ते कोलकात्याचे निघाले तर तिकडे जायचे, तेथून चेन्नईचे मिळाले तर चेन्नईला. असा फिरत फिरत तो महिना-दीड महिन्याने घरी पोचतो, तेव्हा धाकटे मूल त्याला पाहून आईच्या पदराआड लपते. दोन दिवसांनी पुन्हा बिल्टी हातात पडते.

मग त्याचे घर कोणते? पत्ता गावचा असतो, पण नांदणे केबिनमध्ये. त्याच्या आसनामागे एक फळी असते, पुरुषभर लांब आणि कूस बदलता येईल इतपत रुंद. तीच शय्या. पुढच्या काचेपाशी कुलदैवताची तसबीर, उदबत्तीचे घर, झेंडूची माळ. आसनाखाली कपड्यांची पिशवी, स्टोव्ह, पिठाचा डबा, पाण्याचे कॅन. आरशाच्या दांडीवर वाळत घातलेला टॉवेल. दसऱ्याला हा ट्रक जेथे उभा असेल तेथेच त्याची पूजा होते. नारळ फुटतो, प्रसाद क्लीनर आणि शेजारच्या ट्रकवाल्यांत वाटला जातो. आपल्याकडे वर्षानुवर्षे कारखान्यातून नुसता सांगाडा बाहेर पडे आणि नामक्कल, तिरुचेंगोडे, सरहिंद अशा ठिकाणचे सुतार, लोहार व रंगारी त्यावर केबिन आणि हौदा चढवीत. त्या कारागिरांनी वेलबुट्टी मन लावून काढली; परंतु इंजिनाच्या उष्णतेवर उपाय त्यांच्याही हाती नव्हता. मे महिन्यात विदर्भातून जाताना बाहेर ऊन आणि आत पायाशी भट्टी, अशा स्थितीत चालक दुपार काढतो.

येथे एक प्रश्न सुशिक्षित माणूस हटकून विचारतो : रात्री हे लोक एखाद्या लॉजमध्ये का उतरत नाहीत? पैशांचा प्रश्न आहेच, पण खरे कारण वेगळे आहे. चालक हा ट्रकचा रखवालदारही असतो. रात्रीतून टाकीतले डिझेल काढले जाते, स्टेपनी नाहीशी होते, ताडपत्री फाडून माल उतरविला जातो आणि नुकसानीची रक्कम बहुधा त्याच्याच पगारातून कापली जाते. म्हणून तो केबिनमध्ये निजतो. तेही अर्धवट, टाकीजवळ पाऊल वाजले तरी उठायचे या तयारीने. दिवसभर वाहन चालविणारा माणूस रात्रभर पहारा देतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच हाती वीस-पंचवीस टनांचे ओझे असते. पहाटेच्या अपघाताची बातमी वाचताना ‘चालकाचा डोळा लागल्याने’ हे शब्द आपण सहज वाचून जातो. तो डोळा आदल्या रात्री लागू शकला नव्हता, हे बातमीत नसते.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे बंधन घातले होते. पुढे तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावून घेण्यात आला. परंतु मूळ अधिनियम पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांपुरता होता आणि एक-दोन ट्रकांचे धनी त्याबाहेरच राहिले. कागदाचे गणितही पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते. सरकारी कागद २०० किलोमीटरवर समाधान मानतो. माल मागविणारा व्यापारी मात्र त्याच्या दुप्पट अंतराची अपेक्षा धरतो.

मोठ्या शहराच्या वेशीवर तर वेगळाच अनुभव येतो. दिवसा जड वाहनांना बंदी असते. ज्यांच्या भाजीपाल्यावर शहराची चूल पेटते, त्यांनी रात्रीपर्यंत रस्त्याच्या कडेला थांबावे अशी ही व्यवस्था. तेथे शौचालय नसते, नळ नसतो. आत गेल्यावर माल उतरविण्याची वाराई पुन्हा चालकाकडेच मागितली जाते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा उगाच जन्मली नाही.

काही चांगलेही घडले आहे, ते मोकळेपणाने सांगावयास हवे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरील कर-तपासणी नाक्यांवरची रांग संपली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरील ट्रकांमध्ये वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी महामार्गांवरील पंपांवर ‘अपना घर’ नावाची तीनशेहून अधिक विश्रामगृहे उभारली आहेत. तेथे खाट आहे, स्नानगृह आहे, स्वयंपाकाची जागा आहे. परंतु जुने ट्रक अजून बरीच वर्षे धावणार आहेत. आणि खाट मिळाली तरी ट्रकवर नजर कोणाची, हा प्रश्न जेथे सुटलेला नाही तेथे चालक खाट सोडून केबिनमधल्या फळीवरच जातो.

टाळेबंदीचे दिवस आठवावेत. २५ मार्च २०२० रोजी देश थांबला. चारच दिवसांनी, २९ मार्चला, केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्व प्रकारच्या मालाच्या वाहतुकीस मोकळीक दिली. महामार्गावरील ढाबे आणि ट्रकदुरुस्तीची दुकाने उघडण्याची तरतूद मात्र १५ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत आली. मधल्या काळात औषधे आणि धान्य वाहणाऱ्या माणसाने खावे काय? यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ, नागपूर-हैदराबाद महामार्गावर, शीख बांधवांचा ‘गुरू का लंगर’ त्या काळातही अखंड चालू राहिला. लांबच्या पट्ट्यात दुसरीकडे चूल पेटलेली नसताना तेथे कामगारांना, वाटसरूंना आणि ट्रकचालकांना गरम जेवण मिळत होते.

मतदानाच्या दिवशीही हा माणूस बहुधा परराज्यात असतो. टपाली मतदानाची सोय सैनिकांना आहे, निवडणूक कर्मचाऱ्यांना आहे. ती ट्रकचालकापर्यंत पोचलेली नाही.

महामार्गालगतच्या अनेक गावांत बाजार समितीचे कुंपण घातलेले आवार असते. दुपारनंतर सौदे आटोपले की ते पहाटेपर्यंत मोकळे पडते. फाटक आहे, दिवे आहेत, बहुतेक ठिकाणी नळही आहे. रात्रीसाठी दोन रखवालदार नेमून दर ट्रकमागे ठरावीक पैसे घ्यावेत. चालक ते आनंदाने देईल. त्याच्या लेखी ते आठ तासांच्या झोपेचे भाडे आहे.