कोपराची जागा

आपल्या भाषेनं कोपराला फारसा मान दिलेला नाही. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये, असं आपण एकमेकांना बजावतो आणि एखाद्याला कंटाळलो की त्याला कोपरापासून हात जोडतो. पण जुना पिकअप चालवणाऱ्या ड्रायव्हरला विचारा. तीन-चार तासांनी त्याचा खांदा भरून येतो, आणि तो भरून येतो कारण कोपराला टेकायला जागाच नसते.

वसई पट्ट्यातल्या वाड्यांमधली भाजी, केळी, फुलं पहाटे मुंबईच्या बाजारात पोचवायची, तर लोकलचा डबा नाहीतर असा पिकअप. जीपच्या तोंडाचा महिंद्रचा जुना पिकअप अजून एखाद्या वाडीत उभा दिसतो. जीप मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी घडलेली गाडी. १९४७ पासून ती मुंबईत जुळवली जाऊ लागली. लढाईवर निघालेल्या माणसाला हात कुठे टेकवू हा प्रश्न पडत नसावा. पुढे तिला पत्र्याचे दरवाजे आले, मागे हौदा आला. कोपराची आठवण मात्र कुणाला झाली नाही.

आचोळ्यात एका गाळ्यामध्ये माझे एक स्नेही गाड्यांच्या सीटचं काम करतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. रिक्षा, टेम्पो, पूर्वी पद्मिनी टॅक्सीसुद्धा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तसं तेही काम संपलं. मी तिथं चहाला जातो आणि तासभर बसतो. अशाच एका दुपारी एक पिकअप आला. मालक सत्तरीकडे झुकलेले वाडीवाले, सोबत त्यांची बायको. काकांचा उजवा खांदा धरला होता. मुलं म्हणत होती, गाडी भंगारात द्या. काका म्हणाले, "आधी हाताला टेकू करून बघा. नाही जमलं तर देईन."

उस्तादांनी पहिल्यांदा काकांना सीटवर बसवलं. रिकाम्या सीटवरून माप घ्यायचं नसतं, कारण माणूस बसला की गादी दोन इंच खाली जाते. खांदा सैल सोडायचा, कोपर काटकोनात वळवायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि मग टेप लावायची. टेकू उंच झाला तर खांदा कानाकडे चढतो, खाली गेला तर अंग एका बाजूला कलंडतं. मात्रा मोजण्यात माझी हयात गेली, पण अर्ध्या इंचासाठी इतका वाद आम्ही कवी लोक घालत नाही. वर फोम दबणार, म्हणून तेवढी उंची आधीच वाढवून धरायची.

मग पुठ्ठा कापला. तो दरवाजाला चिकटपट्टीनं लावून काचेचं हँडल पूर्ण फिरवून पाहिलं. दोन सीटांच्या मधल्या टेकूचा पुठ्ठा वेगळा. तिथं गिअरचा दांडा प्रत्येक गिअरमध्ये टाकून बघितला, कारण मागे आलेला दांडा टेकूवर आपटला तर हाताची बोटं चेंगरतील. हे सगळं पुठ्ठ्यावरच करायचं. एकदा प्लायवूड कापलं की चूक महाग पडते.

प्लाय पाण्याला टिकणारं घेतलं. आमच्या पावसाला साधं प्लाय वर्षभरात फुगतं. कडा कानशीनं घासून गोल केल्या, उद्या धक्का बसला तर बरगडीला कोपरा लागू नये म्हणून. खाली कडक फोम, वर मऊ. नुसता मऊ घातला तर चार महिन्यांत कोपर लाकडाला भेटतं. रेक्झिन थोडा वेळ उन्हात ठेवलं, म्हणजे ते ताणताना ऐकतं. हे रेक्झिन म्हणजे मुळात इंग्लंडमधल्या एका मालाचं नाव, आपल्याकडे ते सगळ्याच जातभाईंना चिकटलं. ओढायला मध्यापासून सुरुवात करायची, मग टोकांकडे जायचं, आणि खालून पिना मारायच्या. शिवण वर येता कामा नये. शर्टाची बाही वर असते तेव्हा रोज उघडं कोपर त्या दोऱ्यावर घासतं.

दरवाजाचं काम सगळ्यात नाजूक. दरवाजा आतून पोकळ असतो आणि खाली उतरलेली काच त्या पोकळीत बसते. स्क्रू लांब झाला तर पुढच्या खेपेला काच त्याच्यावर घासत उतरणार. म्हणून लोखंडी पट्टी लावून आखूड बोल्ट मारले आणि काच तीनदा वरखाली केली.

संध्याकाळी काका तलावापर्यंत चक्कर मारून आले. खांदा बरा करण्याचं औषध काही त्यात नव्हतं. पण हात तरंगत नव्हता, एवढं त्यांच्या तोंडावर दिसलं. पैसे काढायला त्यांनी खिशात हात घातला, तेवढ्यात काकी म्हणाल्या, "आणि माझ्या बाजूला?"

तीस वर्षं त्या डाव्या सीटवर बसून बाजाराला गेल्या होत्या. मांडीवर फुलांची टोपली, एक हात तिच्यावर, दुसरा समोरच्या दांडीला. काका ओशाळले. उस्तादांनी परत टेप काढली.

"काकी, बसा. पाठ टेकवून बसा."

"पाठ टेकवून मी कधी बसलेच नाही रे बाबा, टोपली पडेल ना."

"आता टोपली नाही, काकी. टेका."

त्या टेकल्या, आणि माप सगळंच बदललं. आज त्या पिकअपचा डावा टेकू उजव्यापेक्षा दीड इंच खाली आहे.