पुतळीवरची देवी आणि पेटीची किल्ली
(केंदूर, ता. शिरूर येथे महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



इथल्या दोघी-तिघी आज्यांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ आहे. पुतळी म्हणजे प्रतिमा उठवलेलं सोन्याचं नाणं. नाणी गळ्यात घालायची हौस फार जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी रोमची सोन्याची नाणी व्यापारातून भारतात येत. त्यातली कित्येक भोकं पाडलेली सापडली आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या. सोनं न परवडणारीनं त्या घातल्या असतील.

या नाण्यांवर एका बाजूला बहुधा सम्राट, दुसऱ्या बाजूला देवता: पंखांची विजयदेवी, शांतीची देवी, न्यायाची देवी. जिवंत रोमन बाईला मात्र मताचा अधिकार नव्हता. राणी फाउस्टिनाच्या नाण्यांवर कधी व्हीनस, कधी जूनो, तर कधी मुलं घेऊन उभी असलेली सुफलतेची देवी. राणीला डझनावर मुलं झाली, बरीचशी लहानपणीच गेली. मला आपला 'अष्टपुत्रा' आशीर्वाद आठवतो.

प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं तक्रार केली होती की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स घेऊन जातात. म्हणजे दहा लाख सोन्याच्या नाण्यांइतकी रक्कम. दोष कुणाला दिला? चैनीला आणि बायकांना!

त्या बायका गप्प नव्हत्या. इसवी सनापूर्वी २१५ मध्ये, युद्धाच्या काळात, बाईजवळ अर्ध्या औंसाहून, म्हणजे सुमारे चौदा ग्रॅमहून जास्त सोनं नसावं असा कायदा झाला. युद्ध संपलं, कायदा राहिला. इ.स.पू. १९५ मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, पुढाऱ्यांच्या दारात जाऊन बसल्या. केटोनं कडाडून विरोध केला, तरी कायदा रद्द झाला.

आता आपल्याकडे या. गेल्या वर्षी एक बाई माझ्याकडे आली. माहेरची माळ सासूनं 'सांभाळायला' घेतली, दिरानं गहाण टाकली. माळ हिचीच होती याचा कागद नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन बाईच्याच मालकीचं, नवऱ्यानं ते बळकावलं तर तो फौजदारी गुन्हा. पण कोर्टात वस्तू तिचीच, हे दाखवावं लागतं.

म्हणून आज वह्या आणल्या आहेत. दागिना, वजन, कुणी कधी दिला, सध्या कुणाकडे आहे, एवढंच लिहा. पावती असेल तर चिकटवा. लिहिता येत नसेल तर शेजारणीला सांगा. वही मात्र त्याच पेटीत ठेवू नका.