उतारवय आणि हातचे काम
(नशिराबाद येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साठी उलटली की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "बाबा, आता तुम्ही बसा." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते, यात शंका नाही. परंतु या मायेचे फळ काय, याचा विचार आपण नीटसा केलेला नाही. ज्या देहाने पन्नास वर्षे शेतात राबण्यात घालविली, त्याला एकाएकी ओसरीवरील खाटेवर बसविले म्हणजे स्नायू झपाट्याने क्षीण होतात. तोल राहत नाही, एखाद्या रात्री मोरीपाशी पाय घसरतो, आणि खुब्याचे हाड मोडून चांगला हिंडताफिरता माणूस अंथरुणास खिळतो. घरचे म्हणतात, वयच झाले होते. वयापेक्षा बसण्याचा वाटा त्यात पुष्कळदा मोठा असतो.

शेतीची रीतही पालटली आहे. पूर्वी केळीला पाणी भरायचे म्हणजे रात्री-अपरात्री मळाभर हिंडावे लागे. आता ठिबक आले, पंप मोबाईलवरून सुरू होतो, मळ्यात मोटारसायकलीने जाता येते. सोय झाली हे उत्तमच; पण जो व्यायाम अनायासे घडत होता, तो आता मुद्दाम करावयास हवा.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. लहानपणी ते परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी पुण्याहून चिखल तुडवीत पायी जात-येत राहिले. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते परदेशी गेले. १९३६ साली त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि १९४४ साली समता संघ स्थापिला, तेव्हा वय शहाऐंशी होते! १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन, ते निवर्तले. इतके आयुष्य सर्वांस लाभत नाही, आणि केवळ चालण्याने ते लाभते असेही मी म्हणणार नाही. पण उद्या सकाळी उठून करावयाचे काम त्यांच्यापाशी कधी संपले नाही, एवढे खरे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. पासष्टीनंतर तोल व ताकद राखणारा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी असावा, असेही सुचविले आहे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे हाही व्यायामच. मात्र फिरावयास महामार्गाच्या कडेने जाऊ नये. मळ्याची वाट बरी. वैशाखात खानदेशचे ऊन जीवघेणे असते आणि उतारवयात तहान कमी लागते, म्हणून सूर्य वर येण्याआधी फिरून यावे आणि तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. ज्यांना हृदयाचे वा मूत्रपिंडाचे दुखणे आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारावे.

भगिनींनो, तुमची गोष्ट निराळी आहे. आजीबाईंना निवृत्ती कोणी देतच नाही. त्यांची हेळसांड होते ती ताटात. सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणे आणि त्यावर आठवड्याचे दोन उपवास, यांनी हाडे व स्नायू कसे टिकावेत? आपली कळण्याची भाकरी, डाळ, दूध व ताक त्यांच्या ताटात आधी पडावे. खारे लोणचे व पापड यांना मात्र रक्तदाबवाल्यांनी, स्त्री असो वा पुरुष, आवर घालावा.

आता तरुणांस. वडिलांचे काम काढून घेऊ नका, हलके करा. जड पोते तुम्ही उचला. पण मजुरांची हजेरी, रोपांची देखरेख, नातवंडांस शाळेत पोचविणे त्यांच्याकडेच असू द्या. मोरीत धरावयास दांडी बसवा, रात्री एक दिवा जळता ठेवा, डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नका.

आणि कार्यकारी मंडळास एक विनंती. आपण दरवर्षी पंचाहत्तरी गाठलेल्यांचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन करतो. पुढील वर्षापासून शालीऐवजी पायात नीट बसणारा, न घसरणारा जोडा द्यावा. खर्च साधारण तेवढाच येईल. मापे आधी मागवून घ्यावी लागतील, एवढेच.